रिकाम्या गाभाऱ्याची वारी

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत ‘प्रवास’ या शब्दाला पुष्कळ वर्षे एकच अर्थ होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली की वळकट्या बांधायच्या, फिरकीचा तांब्या भरून घ्यायचा आणि काचीगुड्याच्या फलाटावर मीटर गेजच्या गाडीत जागा धरून मराठवाड्याकडे निघायचे. कोणाचे गाव नांदेडकडचे, कोणाचे परभणीकडचे, कोणाचे बीडकडचे. गाडीचे तोंड मात्र सर्वांच्या बाबतीत एकाच दिशेला. दक्षिणेकडे, तुंगभद्रेच्या अंगाला, आपल्यापैकी फारसे कोणी गेले नाही. तिकडे आपले कोणी नाही, अशी आपली समजूत होती. ती समजूत आमची कशी दूर झाली, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रारंभीच एक खुलासा करावयास हवा. लेखातील ‘आम्ही’ हे संपादकीय आदरार्थी ‘आम्ही’ नव्हे. आम्ही खरोखरच तिघे आहोत. थोरले दादा बहात्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मधली ताई एकोणसत्तर वर्षांची, लग्नानंतर पुण्याला गेलेली. धाकटा बासष्ट वर्षांचा, याच शहरात राहिलेला. लेखणी धाकट्याच्या हातात असली तरी प्रत्येक परिच्छेद तिघांनी वाचलेला आहे, आणि दोन ठिकाणी भांडणही झालेले आहे.

भांडणाची सवय आम्हांला त्या वर्षी लागलेलीच होती. बडीचावडीमागच्या गल्लीतले आमचे वाडवडिलार्जित घर विकावयाचे ठरले होते. घराविषयी मतभेद नव्हता. भिंतींना ओल, जिन्याला वाळवी, आणि त्या जिन्यावरून दादांच्या गुडघ्यांना रोजची शिक्षा. प्रश्न होता तो देवघराचा. मनमाडची रेल्वे १९०० साली सुरू झाली, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आमचे पणजोबा परभणीकडून निजाम सरकारच्या दफ्तरात कारकुनीसाठी आले. येताना त्यांनी वीतभर उंचीची काळ्या पाषाणाची विठ्ठलमूर्ती धोतराच्या घडीत गुंडाळून आणली. रखुमाई पितळेची, ती पुढे आजीने बेगमबाजारातून घेतली. शंभराहून अधिक वर्षे त्या मूर्तीची पूजा एका दिवसानेही चुकली नाही, असे आमच्या घरात सांगितले जाते.

आता घर गेल्यावर देव कोठे जाणार? दादांचे म्हणणे, तो ज्या गावाहून आला त्या गावच्या देवळात पोचवावा. पणजोबांचे ऋण फिटेल. ताईचे म्हणणे, गावात आता आपल्याला ओळखणारे कोणी नाही. देव पुण्याला तिच्याकडे यावा, तिथे पूजा होईल. धाकट्याचे म्हणणे, देव हैदराबादचा झाला आहे, तो येथेच राहावा. यावर दादांनी विचारले, ‘तू शेवटची पूजा कधी केलीस?’ त्याला उत्तर नव्हते. त्यानंतर तीन महिने आमचे बोलणे वकिलाच्या कागदांपुरते उरले. सुज्ञ वाचकांपैकी ज्यांची जुनी घरे विकली गेली आहेत, त्यांना या तीन महिन्यांचे अधिक वर्णन नको.

असो. सहलीची कल्पना आमची नव्हे, धाकट्याच्या मुलीची. ती चौतीस वर्षांची, गच्चीबावलीकडे संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारी, अविवाहित आणि पायाला भिंगरी लागलेली. काही वर्षांपूर्वी ती मैत्रिणींबरोबर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात जाऊन आली होती. सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या खिंडीतून सायकलने उतरायचे, उरुबांबा नदीच्या धारेत रबरी नावेतून जायचे, मग डोंगरवाटांनी आणि रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालत माचू पिच्चू या इंका लोकांच्या प्राचीन नगराला पोचायचे, असा तो चार दिवसांचा खटाटोप. छायाचित्रे पाहून ताईने कौतुक केले. दादांनी एवढेच विचारले, ‘पडके दगड पाहायला इतके लांब?’

त्या प्रश्नाचे उत्तर पोरीने मनात ठेवले असावे. डिसेंबरात तिने आम्हां तिघांना एकत्र बसविले आणि सांगितले, ‘मोठे काका, पडके दगड जवळही आहेत. जानेवारीत चार दिवस हम्पीला जाऊ. तिथेही चढायचे, सायकल चालवायची, नावेत बसायचे, चालायचे. आत्या, तू पुण्याहून ये. बाबा, तुम्ही नाही म्हणू नका.’ घराच्या करारावर सह्या मार्चमध्ये व्हायच्या होत्या. तिचा हेतू आम्हांला कळत होता. तरीही आम्ही हो म्हटले, कारण नाही म्हणण्यासाठीसुद्धा एकमेकांशी बोलावे लागले असते.

पहाटे गाडी निघाली. महबूबनगर, मक्तल, मग कृष्णा ओलांडून रायचूर. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला हा रायचूर दुआब. या पट्ट्यासाठी बहामनी आणि विजयनगर, त्यानंतर आदिलशाही आणि विजयनगर पिढ्यान्‌पिढ्या लढले. १५२० साली कृष्णदेवरायाने रायचूर जिंकले ते याच मातीत. सिंधनूर, गंगावती करीत दुपारी आम्ही आनेगुंदीला पोचलो. तुंगभद्रेच्या उत्तर तीरावरचे हे गाव विजयनगरहून जुने. राजधानी नदीपलीकडे वसली, परंतु तिचा उगम येथला मानतात.

आनेगुंदीत दादांनी पहिले वाक्य उच्चारले. ‘हे तर आपलेच राज्य.’ त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आनेगुंदी, कोप्पळ, गंगावती हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या रायचूर जिल्ह्यात मोडे. आनेगुंदीचे राजघराणे निजामाच्या अमलाखाली एक लहान संस्थान सांभाळून होते. नदीपलीकडचे हम्पी मात्र बळ्ळारी जिल्ह्यात. तो जिल्हा निजामाने १८०० साली कंपनीला दिला. तो मद्रास इलाख्यात राहिला आणि १९५३ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे एकाच नगराच्या दोन तीरांवर दीडशे वर्षे दोन सरकारे. वरच्या अंगाला तुंगभद्रेचे जे धरण आहे, ते १९४५ मध्ये हैदराबाद आणि मद्रास या दोन सरकारांनी मिळून सुरू केले आणि १९५३ मध्ये त्याचे पाणी कालव्यांत आले. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला हा इतिहास सनावळीसह पाठ असणार हे ओघानेच आले. तीन महिन्यांत दादा एवढे सलग प्रथमच बोलत होते.

मुक्कामाच्या घरी रात्री ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी वाढण्यात आली. ताईने पहिला घास घेतला आणि ती म्हणाली, ‘ही आजीची चटणी आहे.’ त्या घरातली बाई कानडी, आमची आजी परभणीची. मधे भाषेची रेघ आहे. चटणीला ती ठाऊक नसावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंजनाद्री. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून हा डोंगर पूजिला जातो; पायऱ्या सुमारे पावणेसहाशे. दादा दर पन्नास पायऱ्यांना थांबत आणि थांबण्याचे कारण म्हणून देखावा पाहत. देखावाही तसाच होता. जिकडे पाहावे तिकडे करड्या-गुलाबी शिळांचे ढीग, एकावर एक रचल्यासारखे, कोणत्याही क्षणी गडगडतील असे आणि कोटी कोटी वर्षांत न गडगडलेले. मधूनमधून भातखाचरे, केळीची बने आणि नदीची रुपेरी रेघ. धाकट्याला एकदम बंजारा हिल्सचे लहानपण आठवले. हैदराबादचे खडक आणि हम्पीचे खडक एकाच जातीचे: दख्खनच्या पठाराचा सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट, ऊनपावसाने चिरा पडून गोलावलेला. फरक इतकाच की विजयनगरच्या लोकांनी या शिळांच्या मधे देवळे बसविली आणि आम्ही सुरुंग लावून त्यांच्या जागी इमारती बसविल्या. मौलाअलीचा डोंगर आणि विद्यापीठाच्या आवारातले काही खडक तेवढे उरले आहेत. खाली उतरताना काही तरुण परदेशी मुले पाठीवर जाड गाद्या बांधून येताना दिसली. ही मंडळी दोराशिवाय शिळांवर चढतात आणि पडली तर गादीवर पडतात. ताई म्हणाली, ‘गादी बरोबर घेऊन पडण्याची सोय आपल्या वेळी नव्हती.’

दुपारी सायकली आल्या. येथे एक जुनी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १९६८ च्या सुमारास काचीगुड्याला तासाला चार आणे भाड्याने सायकल मिळे. तेरा वर्षांची ताई मैत्रिणीच्या भावाकडून गुपचूप सायकल शिकली आणि आठ दिवसांत सुलतान बाजारापर्यंत जाऊ लागली. सोळा वर्षांच्या दादांनी तिला पाहिले आणि आजोबांना सांगितले. सायकल बंद झाली. पुढे कोणी त्याचा उच्चारही केला नाही. हा परिच्छेद ठेवावा की नाही, यावर पहिले भांडण झाले. दादा म्हणाले, ‘ठेवा.’

त्या दुपारी आनेगुंदीच्या रस्त्यावर ताईने सायकलचे मुठी धरल्या, दोनदा पाय टेकले आणि तिसऱ्या वेळी ती निघाली. सळवार-कमीज, पायांत कापडी बूट, डोक्याला रुमाल. सणापूरच्या तलावापर्यंत रस्ता भाताच्या शेतांमधून जातो. ती आमच्या सर्वांच्या पुढे होती. दादांना पोरीने विजेवर चालणारी सायकल दिली होती. आधी त्यांनी ती नाकारली, पहिल्या चढावर मुकाट्याने स्वीकारली. तलावाशी ताई थांबून वाट पाहत होती. दादा जवळ आले आणि म्हणाले, ‘तेव्हा मी सांगायला नको होते.’ ताई म्हणाली, ‘छप्पन्न वर्षे लागली म्हणायला.’ एवढेच. पुढे दोघे बराच वेळ पाण्याकडे पाहत बसले.

तलावात हरिगोलूत बसलो. बांबूच्या विणीची ही गोल टोपलीसारखी नाव. १५२० च्या सुमारास येथे आलेल्या दोमिंगो पायस या पोर्तुगीज प्रवाशाने तिचे वर्णन करून ठेवले आहे. त्या काळी तिला बाहेरून कातडे मढवीत, पंधरा-वीस माणसे तीत बसत आणि गरज पडल्यास गुरेघोडीही तीतून नदी उतरत. आज कातड्याची जागा डांबर फासलेल्या कापडाने घेतली आहे. तिला तोंड नाही आणि शेपूटही नाही. नावाड्याने वल्ह्याला हिसका दिला की भोवऱ्यासारखी फिरते. फिरणाऱ्या नावेत रुसून बसता येत नाही, हा एक लाभ आम्हांला त्या दिवशी कळला.

तिसऱ्या दिवशी तळवारघट्टाच्या धक्क्यावर सायकली नावेत चढवून आम्ही नदी ओलांडली आणि राजधानीत शिरलो. विजयनगरची स्थापना परंपरेने १३३६ ची मानतात. पेरूतील इंका साम्राज्य पंधराव्या शतकात पसरले, माचू पिच्चू त्याच शतकात पाचाकुती या राजाच्या काळात बांधले गेले. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांची वार्ताही नसताना, शिळांच्या डोंगरात दोन नगरे एकाच काळी नांदत होती. शेवटही फार अंतराने झाला नाही. स्पॅनिश सैन्याने १५३२ मध्ये इंका राजा अताहुआल्पाला पकडले आणि १५३३ मध्ये कुस्को घेतले. विजयनगर २३ जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर लुटले गेले. पोरगी म्हणाली, ‘माचू पिच्चूला कोणी लुटले नाही, लोक सोडून गेले. १९११ मध्ये बिंगहॅम पोचला तेव्हा तिथे शेतकरी राहत होते. इथे मात्र घाव दिसतात.’

घाव दिसतात हे खरे. १५२८ चा, पावणेसात मीटर उंचीचा लक्ष्मीनरसिंह एकाच शिळेत कोरलेला. त्याच्या मांडीवरची लक्ष्मी गेली, फक्त पाठीवरचा तिचा हात उरला आहे. कृष्णदेवरायाने उदयगिरीच्या विजयानंतर तेथला बाळकृष्ण आणून १५१५ मध्ये त्याच्यासाठी देऊळ बांधले. तो बाळकृष्ण आता चेन्नईच्या संग्रहालयात आहे, आणि देऊळ रिकामे. ‘म्हणजे देव काय, राजांच्या सामानाबरोबर फिरतच होते,’ ताई पुटपुटली.

या घावांत आपल्या शहराचाही वाटा आहे, हे हैदराबादकराने विसरू नये. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह गादीवर येण्यापूर्वी, १५४३ ते १५५०, भावाच्या भयाने विजयनगरात रामरायाच्या आश्रयास होता. सात वर्षे त्याने तेथले अन्न खाल्ले. १५६५ मध्ये रामरायावर चालून गेलेल्या सुलतानांत तोही होता. त्याच्याच मुलाने, मुहम्मद कुलीने, १५९१ मध्ये हैदराबाद वसविले. एक नगर उजाड झाले आणि सव्वीस वर्षांनी दुसरे वसले. त्या दुसऱ्यात पुढे तीनशे वर्षांनी आमचे पणजोबा नोकरीला आले. आश्रय, उपकार आणि विस्मरण यांची ही साखळी फार लांबची आहे.

दादांना मात्र दुसऱ्याच गोष्टीचे वेड लागले होते. राजवाड्याच्या आवारात काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करिणी आहे. १९८० च्या दशकातील उत्खननात ती मातीखालून निघाली. तिच्या दगडांवर तो कोणत्या बाजूला, कोणत्या थरात बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत. शेजारून उंच खांबांवर दगडी पन्हळ येते. दादा त्या पन्हळीच्या उताराचा अंदाज घेत उन्हात अर्धा तास उभे होते. विजयनगरच्या काळी काढलेले काही कालवे आजही केळीला, उसाला, भाताला पाणी देतात. ‘राजा गेला, सैन्य गेले, पाटकरी राहिला,’ असे ते म्हणाले, आणि आपल्या खात्याचा एवढा गौरव केल्याचा त्यांना आनंद झाला.

चौथ्या दिवशी पहाटे विजेरीच्या उजेडात मातंग टेकडी चढलो. हा चढ अंजनाद्रीहून लहान, पण पायऱ्या झिजलेल्या आणि वाकड्या. मध्यावर दादांचा पाय घसरला. पोरीने कोपर धरले, ताईने दुसरा हात. खरचटण्यावर निभावले, परंतु क्षणभर आम्हां सर्वांना कळले की घराच्या करारावर तीन सह्या हव्यात, हे गृहीत धरून चालण्याचे आमचे वय राहिलेले नाही. माथ्यावर बसून सूर्योदय पाहिला. पश्चिमेला विरूपाक्षाचे सुमारे पन्नास मीटर उंचीचे गोपुर, जिथे पूजा आजही चालू आहे. पूर्वेच्या पायथ्याशी अच्युतरायाचे देऊळ, जिथे ती थांबली आहे. आम्ही पूर्वेला उतरलो, आणि नदीकाठाने, शिळांच्या बोळांतून, पाऊण तास चालत विठ्ठलमंदिराशी आलो.

पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर ज्याचे चित्र आहे तो दगडी रथ याच आवारात आहे. सर्व प्रवासी रथापाशी थांबतात. आम्ही सभामंडपाच्या बाजूने गेलो. गाभारा रिकामा. पोरीने विचारले, ‘काका, इथला विठ्ठल कुठे गेला?’

आपल्या वाचकांना ही कथा नव्याने सांगण्याची गरज नाही. कीर्तनांतून सर्वांनी ती ऐकली आहे. पण त्या गाभाऱ्यापुढे, खांबाला टेकून, दादांनी ती सांगितली तशी आम्ही यापूर्वी ऐकली नव्हती. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल येथे आणला. पंढरी ओस पडली. पैठणचे भानुदास, नाथमहाराजांचे पणजोबा, देवाला आणावयास निघाले. देवाने गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला. राजाने चोर समजून सुळी देण्याची आज्ञा केली. सुळाला पालवी फुटली. राजा शरण आला. देव लहान झाला आणि भानुदासांबरोबर पंढरीला परतला. दादांचा आवाज शेवटी थोडा कापला. ‘म्हणून मी म्हणतो,’ ते म्हणाले, ‘देवाने परत जावे. नाथांच्या पणजोबांनी नेला. आपल्या पणजोबांनी आणला, तो आपण पोचवू.’

ताई मराठी विषय घेऊन शिकलेली. ती म्हणाली, ‘दादा, कथा खरीच आहे, पण दगडही काही सांगतात.’ कृष्णदेवराय १५०९ मध्ये गादीवर आला. भानुदासांचा काळ परंपरा १५१३ पर्यंत मानते. त्याच १५१३ मध्ये कृष्णदेवरायाच्या राण्यांनी या देवळाला गोपुरे बांधली. पुढे अच्युतराय, सदाशिवराय यांच्या कारकीर्दीतही येथे दाने दिल्याचे लेख आहेत. ज्या देवळातून देव निघून गेला त्याला कोणी पन्नास वर्षे दान देत नाही. पुरंदरदासांची पदे आजही पुरंदरविठ्ठलाच्या नावाने संपतात, आणि ते येथेच राहिले अशी परंपरा आहे. देवळातील एका मंडपाला त्यांचेच नाव आहे. ‘म्हणजे देव पंढरीला परत गेला, हे पंढरीचे खरे, आणि इथे त्याची पूजा चालू राहिली, हे इथले खरे. रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाच्या ग्रंथाला ‘महासमन्वय’ उगाच म्हटले नसेल. आणि हा गाभारा देव गेल्यामुळे रिकामा झाला नाही. १५६५ मध्ये पूजा करणारे गेले.’

कोणीच काही बोलले नाही. मग पोरगी म्हणाली, ‘मग आपला देव मला द्या ना.’

हे वाक्य आमच्यापैकी कोणाच्याही कल्पनेत नव्हते. तिच्या बापाच्याही नव्हते. तीन महिने आम्ही तिघे भांडलो आणि चौथे नाव कोणाला सुचले नाही. दादा म्हणाले, ‘तुला पूजा येत नाही.’ ती म्हणाली, ‘कोणी शिकवली नाही.’ ‘तू घरात नसतेस. आषाढीला पेरूमध्ये असलीस तर?’ ‘तुम्ही धरणांच्या दौऱ्यावर असायचात तेव्हा पूजा कोण करायचे?’

आमची आई करायची. बारा-बारा दिवस दादा दौऱ्यावर, वडील कचेरीत, धाकटा शाळेत. आई पदराने हात पुसून देवघरात जाई आणि सोवळ्यातले मंत्र येत नाहीत म्हणून नुसते स्नान घालून, तुळस वाहून, नमस्कार करून बाहेर येई. एका दिवसानेही पूजा चुकली नाही असे जे आम्ही अभिमानाने सांगतो, त्यांतल्या कित्येक दिवसांचा हिशेब तिच्या नावावर मांडावयास हवा होता. तो कधी मांडला गेला नाही. ताईने दादांकडे पाहिले. ‘सायकल बंद केलीत,’ ती म्हणाली. ‘हे करू नका.’

दादांनी उत्तर दिले नाही. नावेतून आनेगुंदीला येताना ते पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या पुलाच्या दगडी खांबांकडे पाहत होते. खांब आहेत, पूल नाही. याच जागी नवा पूल बांधावयास घेतला म्हणून १९९९ मध्ये हम्पीचे नाव धोक्यातील वारशांच्या यादीत गेले, २००६ मध्ये ते निघाले, आणि २००९ मध्ये तो अर्धवट पूल कोसळला. नावा अजून चालतात.

परतीच्या वाटेवर रायचूरला चहाला थांबलो. दादांनी कपबशी खाली ठेवली आणि कोणाकडेही न पाहता म्हणाले, ‘पहिल्यांदा निर्माल्य काढायचे. रात्रीचे फूल सकाळी देवावर राहू द्यायचे नाही. मग पाणी, फार थंड नको, ती मूर्ती जुनी आहे.’ पोरीने फोन काढला आणि लिहून घेऊ लागली. महबूबनगर येईपर्यंत दादा सांगत होते. गंध कसे उगाळायचे, बुक्का कोठून आणायचा, एकादशीला नैवेद्य काय. मधेच म्हणाले, ‘दौऱ्यावर जायचे झाले तर मला सांगायचे. मी येईन.’

मार्चमध्ये सह्या झाल्या. आता त्या जागी खोदकाम चालू आहे. आम्ही त्या गल्लीने जाणे टाळतो. देव कोंडापूरला अकराव्या मजल्यावर आहे, सायकलच्या शिरस्त्राणाच्या शेजारच्या फडताळात. ताईला चंदनाची सहाण मिळाली. ती अजूनही म्हणते की देव पुण्याला आला असता तर अधिक बरे झाले असते, आणि हे वाक्य लेखात यावे अशी तिची अट होती. हे दुसरे भांडण. दादा नारायणगुड्याला भाड्याच्या घरात राहतात. गावच्या देवळाला त्यांनी एक समई पाठविली. गुरवाने पावती पाठविली, तीत आमचे आडनाव चुकलेले होते.

एकादशीला दादा नारायणगुड्याहून मेट्रोत बसतात, परेड ग्राउंडला गाडी बदलतात आणि रायदुर्गला उतरतात. पोरगी तेथे न्यावयास येते. मागच्या एकादशीला ती कामात अडकली होती. दादा कुलूप उघडून आत गेले तर पूजा झालेली होती, निर्माल्य वाटीत काढून ठेवलेले होते. त्यांनी पाणी चाखून पाहिले. फार थंड नव्हते.